खाली म्हणजे रिकामं

दुसरीचा वर्ग. बाईंनी मुलांना एकेक कागद दिला होता. त्यावर चौकोनांच्या दोन ओळी होत्या, एक वर आणि एक खाली. काही चौकोनांत आकडे होते, काही कोरे. बाई म्हणाल्या, "खाली आहेत ते चौकोन रंगवा." बहुतेक मुलांनी खालची ओळ रंगवली. खिडकीजवळ बसलेल्या एका मुलानं मात्र दोन्ही ओळींतले कोरे चौकोन तेवढे रंगवले, रेघेबाहेर रंग जाऊ न देता, आणि आकडे असलेले सोडून दिले. बाईंनी त्याच्या कागदावर शेरा मारला, 'सूचना ऐकत नाही.'

मधल्या सुट्टीत त्याच्या शेजारची मुलगी बाईंकडे आली. "बाई, त्यानं बरोबर केलंय. त्यांच्यात खाली म्हणजे रिकामं."

ही रहाटणीतली गोष्ट, आणि त्या बाई म्हणजे आमच्यापैकीच एक. शेरा खोडला, पण मनातून तो कागद जाईना. त्या मुलानं सूचना ऐकली होती, समजून घेतली होती आणि तंतोतंत पाळली होती. फक्त ती त्यानं त्याच्या भाषेत ऐकली होती. सात वर्षांच्या मुलीला जे उमगलं ते वीस वर्षं नोकरी झालेल्या शिक्षिकेला उमगलं नाही, याची लाज वाटण्यापेक्षा आम्हाला कुतूहल जास्त वाटलं. डी.एड.च्या दोन वर्षांत आम्ही पाठटाचणं काढली, सराव पाठ घेतले, मराठीचं आशययुक्त अध्यापन शिकलो. पण ज्याच्या घरी मराठी नाही त्याला मराठी कशी शिकवायची, यावर एक तास झाल्याचं आमच्यापैकी कुणालाच आठवत नव्हतं. ही विद्या आपल्याकडे कधी नव्हतीच का? की होती आणि आपल्यापर्यंत आली नाही? या प्रश्नामागे आम्ही काही शिक्षक लागलो. जे सापडलं ते इथं मांडतो आहोत.

आधी रहाटणीविषयी थोडं. पवनेच्या काठच्या या पट्ट्यात फाळणीनंतर सिंधी निर्वासित कुटुंबं आली, ती पिंपरीत स्थिरावली. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी पिंपरीत स्थापन झाली. १९६२ साली राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ आलं आणि पुढच्या काही वर्षांत मोटारींचे, स्कूटरचे आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो लहानमोठे कारखाने उभे राहिले. १९८२ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली. नंतर शेजारी हिंजवडीत संगणकाच्या कंपन्या आल्या आणि जुन्या शेतांत उंच इमारती उगवल्या. प्रत्येक लाटेबरोबर नवी माणसं आली. मराठवाडा, खानदेश, विदर्भ इथून आली, तशी केरळ, कर्नाटक, तेलंगण, उत्तर प्रदेश, बिहार इथूनही आली. आमच्या वर्गांत आज भोजपुरी, हिंदी, कन्नड, तेलुगू, उर्दू, नेपाळी घरात बोलणारी मुलं बसतात. शिवाय जी मुलं हजेरीपटावर सरळसरळ 'मराठी' म्हणून नोंदलेली असतात, त्यांतही काहींच्या घरी गोरमाटी असते, काहींच्या वडारी, काहींच्या कैकाडी. गोरमाटी राजस्थानी बोलींच्या जवळची, वडारी तेलुगूच्या कुळातली, कैकाडी तमिळच्या. या मुलांचे आईवडील महाराष्ट्रातलेच, आडनावंही मराठी. त्यामुळे त्यांच्यासाठी मराठी ही दुसरी भाषा आहे हे आपल्या लक्षातही येत नाही.

तर इतिहास. मराठी न येणाऱ्याला मराठी शिकवण्याची विद्या आपल्याकडे चांगली दोनशे वर्षं जुनी आहे. ती सुरू झाली कलकत्त्याला! कंपनी सरकारच्या तरुण इंग्रज अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवण्यासाठी तिथं फोर्ट विल्यम कॉलेज होतं. तिथं विल्यम केरी बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवत. वैजनाथ पंडित त्यांच्या मदतीला होते. १८०५ साली केरींचं मराठीचं व्याकरण प्रसिद्ध झालं. त्याला जोडून नेहमीच्या विषयांवरचे संवाद दिले होते. हे लक्षात घेण्यासारखं आहे. केवळ विभक्तीचे तक्ते पाठ करून भाषा येत नाही, माणसं प्रत्यक्ष कशी बोलतात ते शिकणाऱ्यापुढे ठेवावं लागतं, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. १८१० साली केरींचा कोशही आला. पुढे मुंबई इलाख्यात मोल्सवर्थ आणि कँडी बंधूंनी पंडितांच्या साहाय्यानं केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला. त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ साली आली आणि आजही तिच्याशिवाय अभ्यासकांचं पान हलत नाही. मराठीतले बारीकसारीक वाक्प्रचार, गावंढळ म्हणून हिणवलेले शब्द, सगळं त्यात आहे, कारण परक्या माणसाला ते अडणार होते. साहेबाला भाषेची परीक्षा द्यावी लागे आणि शिकवायला ठेवलेल्या मुनशीचा भत्ता सरकार देई. थोडक्यात, शिकणारा साहेब असला की त्याची घरची भाषा वेगळी आहे याची दखल घेतली जात होती. त्याच्यासाठी व्याकरण, कोश, संवाद, शिक्षक आणि पैसा यांची सोय होत होती.

मुलांच्या शाळांचं काय? नव्या पद्धतीच्या मराठी शाळांसाठी शिक्षक तयार करण्याचं काम त्याच काळात सुरू झालं. १८४५ च्या सुमारास मुंबईत शिक्षकांसाठी नॉर्मल वर्ग निघाला. त्याची धुरा बाळशास्त्री जांभेकरांकडे होती. १८३२ साली 'दर्पण' काढताना एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी मजकूर छापणारा हा माणूस अनेक भाषा जाणणारा होता. पण १८४६ साली ते वारले, वयाच्या चौतिसाव्या वर्षी. ते आणखी वीस वर्षं जगते तर शिक्षकांच्या शिक्षणाला कोणतं वळण मिळालं असतं, असा विचार मनात येतो. पण तो फारसा उपयोगाचा नाही.

लगेच पुढच्या दोन वर्षांत मुंबईच्या शिक्षण मंडळात मोठा वाद झाला. अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूनं होते. जॉर्ज जर्व्हिस, जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहीम मकबा देशी भाषांच्या बाजूनं. हा वाद आपण शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात वाचतो आणि देशी भाषांची बाजू घेणाऱ्यांविषयी आपल्याला अभिमान वाटतो. तो योग्यही आहे. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वाद होता कोणत्या भाषेत शिकवायचं याचा. एकदा देशी भाषा ठरली, की ती वर्गातल्या प्रत्येक मुलाची असणारच, हे दोन्ही बाजूंनी धरून चाललेलं दिसतं. भिल्लाचं, वारल्याचं, लमाणाचं मूल तेव्हा शाळेत येतच नव्हतं, म्हणून ते खपूनही गेलं.

ते न येण्याचा प्रश्न जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडला. प्राथमिक शाळांतले शिक्षक बहुतेक एकाच वर्गातले आणि त्यातले पुष्कळ अप्रशिक्षित आहेत, शेतकरी समाजातून शिक्षक तयार केले तर ते मुलांत मिसळतील, त्यांच्या गरजा ओळखतील, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी भाषेचा मुद्दा वेगळा काढलेला नाही. पण मुलात मिसळणं म्हणजे काय? त्याच्याशी त्याच्यासारखं बोलता येणं हे त्यात आलंच, असं आम्हाला वाटतं.

आता जरा बाहेरच्या जगाकडे वळू. घरी एक आणि शाळेत दुसरी भाषा असली तर मुलाच्या बुद्धीवर काय परिणाम होतो, हे विसाव्या शतकात मोजायचा प्रयत्न झाला. १९२३ साली डी. जे. सेअर यांनी वेल्समधल्या सुमारे १४०० मुलांच्या बुद्धिचाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. खेड्यातली वेल्श-इंग्रजी अशी दोन भाषा बोलणारी मुलं एकभाषी मुलांपेक्षा मागे होती. 'दोन भाषांनी डोक्यात गोंधळ होतो' या समजुतीला यामुळे शास्त्राचा आधार मिळाल्यासारखं झालं. गंमत अशी, की त्याच पाहणीत शहरातल्या द्विभाषी मुलांत असा फरक दिसला नव्हता. त्यांना इंग्रजी शाळेबाहेरही भेटत होती. म्हणजे दोष दोन भाषांचा नव्हता. पण लोकांनी हवं तेवढंच उचललं. पुढची जवळजवळ चाळीस वर्षं ही समजूत टिकली. १९६२ साली कॅनडातल्या माँट्रियलमध्ये एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट यांनी दहा वर्षांच्या मुलांची तुलना केली. घरची आर्थिक-सामाजिक स्थिती सारखी असेल अशी काळजी घेतली. फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही चांगल्या येणारी मुलं बहुतेक चाचण्यांत पुढे निघाली. आपल्याकडे ओडिशात अजित मोहंती यांनी कोंध आदिवासी मुलांचा अभ्यास केला. त्यात कुई आणि ओडिया दोन्ही बोलणारी मुलं, फक्त ओडिया बोलणाऱ्या कोंध मुलांपेक्षा सरस ठरली. घरची भाषा सुटलेल्या मुलांना त्याचा फायदा झालेला नव्हता.

शिक्षकाच्या दृष्टीनं सगळ्यांत कामाची गोष्ट सांगितली ती कॅनडातल्याच जिम कमिन्स यांनी, १९८० च्या आसपास. शाळेनं मानसशास्त्रज्ञांकडे पाठवलेल्या, बाहेरच्या देशांतून आलेल्या मुलांच्या चारशेहून अधिक तपासण्यांची कागदपत्रं त्यांनी चाळली. बऱ्याच मुलांविषयी शिक्षकांनी लिहिलं होतं, 'इंग्रजी छान बोलतो, तरी अभ्यासात मंद आहे.' कमिन्स यांनी दाखवून दिलं, की मैदानात, मधल्या सुट्टीत लागणारी बोलण्याची भाषा मूल साधारण दोन वर्षांत उचलतं. पण पुस्तकाची, गणितातल्या शाब्दिक उदाहरणांची, 'कारणे द्या'ची भाषा बरोबरीच्या मुलांइतकी यायला पाच ते सात वर्षं लागतात. पहिलीच्या फटाफट बोलण्यावरून आपण समजतो, याला मराठी आली. तिसरीत तो अडतो. तेव्हा आपण म्हणतो, याला गणित येत नाही. आमच्या प्रगतिपुस्तकांतले जुने शेरे आठवून पाहिले, तर कमिन्स यांनी चाळलेली कागदपत्रं रहाटणीचीच वाटावीत.

आपल्याकडे मात्र हे सगळं कळण्याच्या कितीतरी आधी, दुसऱ्या वाटेनं, दोन बायका या प्रश्नापर्यंत पोचल्या होत्या. ताराबाई मोडक मूळच्या मुंबईच्या, मराठी घरातल्या. पण त्या राजकोटला स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य झाल्या आणि नंतर भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम करू लागल्या. म्हणजे ऐन उमेदीची वर्षं त्यांनी दुसऱ्या भाषेत शिकवण्यात आणि शिक्षक घडवण्यात घालवली. १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ तिथं त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ साली केंद्र डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला, वारल्यांच्या पाड्यांत गेलं. मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसलं, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. आज अंगणवाडी हा शब्द आपण सरकारी योजनेचं नाव म्हणून वापरतो. त्यामागे ही पायपीट आहे. साधनं आजूबाजूची, पानं, बिया, दगड, शिंपले. गावातल्याच बायकांना बालसेविका म्हणून तयार करण्यावर त्यांचा भर. वारली बोली मराठीच्या जवळची असली तरी पुस्तकातल्या मराठीपासून पुष्कळ लांब आहे. पाड्यातल्या बाईला मूल काय म्हणतंय ते कळतं आणि मुलाला बाई काय म्हणते ते. फुल्यांनी पासष्ट-सत्तर वर्षांपूर्वी मागितलेलं शिक्षकाचं शिक्षण डहाणूच्या डोंगरात थोडंफार प्रत्यक्षात आलं, असं म्हणायला हरकत नाही. ताराबाईंना पद्मभूषण मिळालं, अनुताईंना पद्मश्री. पण शिक्षक प्रशिक्षणात कोसबाडचा प्रयोग शिकवला जातो तो 'बालशिक्षण' किंवा 'आदिवासी शिक्षण' या प्रकरणात. भाषेच्या अध्यापन पद्धतीत तो येत नाही, आणि आमच्या मते तीच त्याची खरी जागा.

आता रहाटणीच्या अगदी जवळ येऊ. १९६९ साली म्हैसूरला केंद्र सरकारची भारतीय भाषा संस्था स्थापन झाली. पुढच्याच वर्षी तिची प्रादेशिक केंद्रं निघाली. त्यातलं पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यात, डेक्कन कॉलेजच्या आवारात. रहाटणीहून औंध-खडकीमार्गे पंधरा-वीस किलोमीटर. इथं कुणाला शिकवतात? देशातल्या निरनिराळ्या राज्यांनी पाठवलेल्या शाळाशिक्षकांना. ते दहा महिने पगारी रजेसारखे येऊन राहतात आणि मराठी, गुजराती किंवा सिंधी शून्यापासून शिकतात. प्राथमिक, मध्यम, प्रगत असे टप्पे, ऐकण्या-बोलण्याचा भरपूर सराव आणि शेवटी ती भाषा बोलणाऱ्या मुलखात मुक्काम. त्रिभाषा सूत्रानुसार आपल्या राज्यात जाऊन ती भाषा शिकवायची, ही त्यामागची कल्पना.

म्हणजे मराठी ही दुसरी भाषा म्हणून पायरीपायरीनं कशी शिकवायची याची पद्धत, साहित्य आणि अनुभव पुण्यात पन्नास वर्षांहून जास्त काळ आहे. पण ते केंद्र मराठी न येणाऱ्या शिक्षकांसाठी. आम्हाला मराठी येते. त्यामुळे तिथं आमचं काही काम असेल असं ना आम्हाला वाटलं, ना आम्हाला पाठवणाऱ्यांना. भाषा येणं आणि ती परक्याला शिकवता येणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. विहिरीत पोहणारा प्रत्येक जण दुसऱ्याला पोहायला शिकवू शकत नाही.

त्याचं साधं उदाहरण देतो. 'त्यानं आंबा खाल्ला' याऐवजी 'तो आंबा खाल्ला' असं काही मुलं सतत म्हणतात. आम्ही ते चूक म्हणून खोडत होतो. नंतर लक्षात आलं, की ही चूक करणारी मुलं दोन प्रकारची आहेत, घरी भोजपुरी बोलणारी आणि घरी कन्नड बोलणारी. भोजपुरीत हिंदीसारखं 'ने' लागत नाही. कन्नडमध्येही भूतकाळात कर्ता बदलत नाही. दिल्लीकडची हिंदी बोलणारं मूल ही चूक सहसा करत नाही, कारण त्याच्याकडे 'उसने' आहे. म्हणजे 'ही सगळी हिंदीवाली मुलं' असं आपण म्हणतो तेही खरं नाही. बिहारहून आलेल्या मुलाला शाळेची हिंदीसुद्धा दुसरीच भाषा असते. लिंगाचं तसंच. हिंदीत दोन लिंगं, मराठीत तीन. 'पुस्तक' हिंदीत स्त्रीलिंगी, म्हणून 'माझी पुस्तक'. कन्नड मुलाला निर्जीव वस्तूंना पुरुष-स्त्री करायची सवयच नसते, त्याला 'तो खडू' आणि 'ती खुर्ची' दोन्ही सारखीच चमत्कारिक.

विज्ञानाच्या तासाला तर 'आपण' या शब्दानंच घोटाळा होतो. 'आपण श्वास घेतो' यातला 'आपण' हिंदी मुलाला 'आप' वाटतो, म्हणजे समोरचा माणूस. 'आपण' आणि 'आम्ही' हा भेद हिंदीत नाही, 'हम' दोन्हीकडे चालतो. गुजरातीत तो आहे. तेलुगूत आहे, तिथं 'मनम्' आणि 'मेमु' असे दोन शब्द आहेत. हा भेद मराठीत द्राविडी भाषांच्या शेजारामुळे आला असावा असं भाषातज्ज्ञ मानतात. मग तेलुगू मुलीला तो चटकन समजतो. आमच्या वर्गात तिनंच तो भोजपुरी मुलांना हातानं खुणा करून समजावला, सगळ्यांभोवती हात फिरवून एक आणि फक्त स्वतःच्या बाकाभोवती फिरवून दुसरा. आणि 'शिक्षा' हा शब्द! "अभ्यास केला नाही तर शिक्षा होईल" हे ऐकून एका मुलाला आनंद झाला होता.

असले फरक माहीत असतील तर चूक म्हणजे मुलाच्या भाषेची खिडकी ठरते. हे ज्ञान पुस्तकात कुणी मांडलं आहे का? आहे, आणि ते फलटणला तयार झालं. मॅक्सिन बर्नसन या अमेरिकन बाई १९६० च्या दशकात भारतात आल्या, मराठी शिकल्या आणि फलटणला राहू लागल्या. फलटणमधल्या लोकांच्या मराठीत जातीनुसार, शिक्षणानुसार कसे फरक पडतात, यावर त्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठासाठी प्रबंध लिहिला (१९७३). त्यांच्याबरोबर काम केलं फलटणच्याच लेखिका जाई निंबकर यांनी. दोघींनी मिळून १९७५ साली मराठीचं संदर्भ व्याकरण आणि कोश केला, पुढे पाठ्यपुस्तकंही केली. ही सगळी अमेरिकन विद्यार्थ्यांना मराठी शिकवण्यासाठी, इंग्रजीत. केरींच्या वाटेवरचंच हे काम, कितीतरी अधिक बारकाईचं. प्रौढपणी परकी भाषा म्हणून मराठी शिकलेल्या बाईला ती कुठं कुठं अडते हे अंगावरच्या अनुभवानं माहीत होतं.

पण त्या तिथं थांबल्या नाहीत. शाळेत न जाणाऱ्या किंवा जाऊनही वाचता न येणाऱ्या फलटणमधल्या मुलांसाठी त्यांनी वर्ग सुरू केले. १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था स्थापन झाली, १९८६ साली कमला निंबकर बालभवन ही शाळा. या मुलांची भाषा मराठीच, पण पुस्तकातली नव्हे. प्रबंधात ज्यांच्या बोलीची नोंद केली, त्यांचीच मुलं आता समोर बसली होती. वाचन शिकवताना सगळी बाराखडी आधी घोटून घेण्याऐवजी थोडी अक्षरं आणि एखादी मात्रा घ्यायची, त्यांतून लगेच अर्थ असलेले शब्द आणि वाक्यं करायची, मग पुढचा गट, अशी पद्धत तिथं बसवली गेली आणि इतर ठिकाणच्या शिक्षकांनाही शिकवली गेली. दुसरी भाषा शिकवणारे नेमकं असंच करतात. सगळं व्याकरण एकदम देत नाहीत, थोडं देतात आणि लगेच वापरायला लावतात. परदेशी विद्यार्थ्यासाठी तयार झालेली नजर फलटणच्या मुलाकडे वळवणारा माणूस आम्हाला आमच्या शोधात हा एवढाच ठळक सापडला. इतरही असतील.

सरकारी पातळीवर काय आहे? बालभारतीची स्थापना १९६७ सालची. आपल्या राज्यात ती मराठीखेरीज हिंदी, इंग्रजी, उर्दू, गुजराती, कन्नड, सिंधी, तेलुगू या भाषांतही पुस्तकं काढत आली आहे. थोडक्या राज्यांत असं दिसेल. एवढंच नाही, मराठी दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्यांसाठी 'सुलभभारती' ही वेगळी पुस्तकमाला आहे, सोपी, बोलण्यावर भर असलेली. पण ती कुणाच्या हाती पडते ते पाहा. ती जाते इंग्रजी, हिंदी, उर्दू अशा इतर माध्यमांच्या शाळांत. कारण पुस्तक ठरतं ते शाळेच्या माध्यमावरून, मुलाच्या घरच्या भाषेवरून नाही. त्यामुळे होतं असं, की पिंपळे सौदागरच्या इंग्रजी शाळेत जाणाऱ्या, घरी अस्सल मराठी बोलणाऱ्या मुलीला सुलभभारती मिळतं. आणि रहाटणीच्या मराठी शाळेत बसलेल्या, दोन महिन्यांपूर्वी बिहारहून आलेल्या बांधकाम मजुराच्या मुलाला मिळतं पहिल्या भाषेचं बालभारती. शिक्षण हक्क कायद्यानं (२००९) त्याला वयाप्रमाणे थेट वरच्या वर्गात बसवता येतं आणि मागं राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं असतं. ते चांगलंच आहे. मात्र ते देणाऱ्या शिक्षकाला दुसरी भाषा शिकवण्याचं शिक्षण कुठं मिळालेलं असतं?

२००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं. २०२० च्या कायद्यानं सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. २०२५ साली पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणण्याचे शासन निर्णय निघाले, त्यावर महाराष्ट्रभर चर्चा पेटली आणि २९ जूनला ते रद्द करण्यात आले. त्या चर्चेत कोणती भाषा आणि कोणत्या इयत्तेपासून, हेच दोन प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकू येत होते. पेरी आणि जगन्नाथ शंकरशेट यांच्या वेळेपासून आपण हेच विचारत आलो आहोत. शिकवणार कोण, आणि त्याला ते कसं शिकवणार, हे विचारायला कुणाला सवड झाली नाही. मोर्चे निघत होते तेव्हा आमच्या शाळेत प्रवेश चालू होते. त्यात एक तमिळ बोलणारी मुलगी आली होती.

आम्ही काय केलं ते सांगण्यासारखं फार नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही काही जण तासभर बसतो. एक जाड वही आहे. आठवड्यात मुलांनी केलेल्या भाषेच्या चुका त्यात जशाच्या तशा लिहायच्या, समोर मुलाची घरची भाषा, आणि मग ती चूक का झाली असेल याचा अंदाज. ज्या भाषा आम्हाला येत नाहीत त्यांच्यासाठी पालकांना विचारतो. एका वडार आजींनी आम्हाला अर्धा तास तेलुगू आणि वडारीतले फरक ऐकवले, त्यातलं निम्मं आम्हाला कळलं नाही. वर्गात सूचना देण्याआधी मुलांना विचारतो, हे तुमच्या घरी कसं म्हणतात? पाण्याच्या वाफेचा पाठ होता तेव्हा फळ्यावर वाफ, भाप, आवी, आविरी असे शब्द मुलांनीच सांगितले. वाफ आणि भाप भाऊ-भाऊ वाटतात हेही त्यांनीच काढलं. दोन्ही 'बाष्प' या संस्कृत शब्दातून आले आहेत, हे सांगायचं काम तेवढं आमच्याकडे उरलं. तास लांबतो, अभ्यासक्रम मागे पडतो, केंद्रप्रमुखांना उत्तर द्यावं लागतं. वहीतले सगळे अंदाज बरोबर असतील असंही नाही, भाषाशास्त्र शिकलेला आमच्यात कुणी नाही. कुणा वाचकाला त्यात दुरुस्ती करता आली तर हवीच आहे.

चौकोन रंगवणारा तो मुलगा आता चौथीत आहे. परवा परिपाठाला मुलं व्हरांड्यात ओळीनं उभी होती. प्रार्थना झाल्यावर बाई म्हणाल्या, "खाली बसा." सगळी बसली. पहिलीत नुकताच आलेला एक मुलगा तेवढा उभा राहून रिकामी जागा शोधत इकडे तिकडे बघत होता. चौथीच्या ओळीतून यानं हात लांब करून त्याची बाही ओढली आणि कुजबुजला, "अरे, यहाँ खाली मतलब नीचे."

मग बाईंकडे वळून म्हणाला, "बाई, हे पण वहीत लिहा."